पौष पौर्णिमेचा घरबाजार : म्हशाची यात्रा

जानेवारी उजाडला की घरसजावटीच्या धंद्यातल्या माणसांच्या नजरा जर्मनीकडे लागतात. फ्रँकफर्टला हाइमटेक्सटिल नावाचं घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं. पडदे, चादरी, गालिचे, सोफ्याची कापडं बनवणारे जगभरचे उत्पादक तिथे येतात आणि वर्षभर कोणते रंग, कोणते पोत चालणार याची चर्चा तिथूनच सुरू होते. २०२५ साली हे प्रदर्शन १४ जानेवारीला उघडलं. त्याच्या आदल्याच दिवशी पौष पौर्णिमा होती आणि मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची यात्रा सुरू झाली. शहापुरात राहून मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. या यात्रेची कीर्ती लहानपणापासून ऐकलेली, पण जाणं कधी झालं नव्हतं. त्या वर्षी ठरवून गेले आणि एखाद्या व्यापारी प्रदर्शनाला जावं तशी तयारी करून गेले. वही, मोजपट्टी, चालू कामांची मापं आणि कोणत्या घराला काय हवंय याची यादी सोबत घेतली.

तयारीमागे कारण होतं. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत गेल्या काही वर्षांत शेतघरांची आणि सुट्टीच्या घरांची बांधकामं वाढली आहेत. मुंबई-ठाण्याची माणसं माहुलीच्या पायथ्याशी किंवा माळशेजच्या वाटेवर जागा घेतात आणि ‘घर गावातलं वाटलं पाहिजे’ असं सांगतात. इथला पाऊस मात्र त्यांच्या हिशेबात नसतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात भुशाच्या फळ्यांची कपाटं फुगतात, फोमच्या गाद्यांना बुरशी धरते, सिंथेटिक गालिच्याला कुबट वास येतो. भातसा, तानसा आणि वैतरणेवरचे तलाव याच पावसावर भरतात आणि मुंबईला पाणी पुरवतात. अशा हवेत पिढ्यान् पिढ्या टिकलेलं सामान कोणतं, ते कोण बनवतं आणि ते आज मिळतं का, या प्रश्नांची उत्तरं मला हवी होती.

शहापूरहून मुरबाड आणि तिथून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा लागतं. पौषात हा रस्ता पाहावा असा असतो. भाताची खाचरं रिकामी झालेली, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, ओल राहिलेल्या जमिनीत वाल आणि हरभरा पेरलेला. पूर्वेला सह्याद्रीची भिंत सतत सोबत करते. मध्ये लागणाऱ्या वाड्यापाड्यांत अजून कुडाची घरं दिसतात. कारवीच्या सरळ काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यावर शेणमातीचा गिलावा द्यायचा, असा हा कुड. कारवी सह्याद्रीच्या उतारांवर आपोआप वाढते आणि सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते. गिलावा झिजला की घरातली बाई हातानेच नवा देते. भिंत श्वास घेते, उन्हाळ्यात तापत नाही, आणि मोडली तर जिथून आली त्या मातीत मिसळून जाते. म्हशाला पोहोचण्याआधीच वहीची दोन पानं या भिंतींनी भरली.

यात्रेची चाहूल मुरबाडपासूनच लागते. एसटीच्या जादा गाड्या, टेम्पोत उभे केलेले बैल, डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली कुटुंबं. गावाजवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पालं सुरू होतात. दर्शनाची रांग एका बाजूला, आकाशपाळणे आणि मिठाईची दुकानं दुसरीकडे, आणि मोकळ्या शेतांत पसरलेला बैलबाजार. या बाजारानेच म्हशाचं नाव दूरवर पोहोचवलं. पण त्याच्या आजूबाजूला जो बाजार भरतो तो घरसंसाराचा आहे: घोंगड्या, चादरी, ब्लँकेटं, सतरंज्या, चटया, सुपं, टोपल्या, तवे, विळे, कोयते, पाटे-वरवंटे, पोळपाट, पाळणे. त्या वर्षी दुसऱ्याच दिवशी संक्रांत असल्याने कुंभारांची सुगडंही मांडलेली होती.

आधी बैलबाजारात गेले. तिथे माझ्या कामाचं काही असेल असं वाटलं नव्हतं, पण बैलांच्या साजाची दुकानं पाहून पाय थांबले. सुती दोरांचे वळलेले कासरे, म्होरक्या, घुंगुरमाळा, झुली आणि रंगीत गोंडे. एक गोंडा हातात घेऊन नीट पाहिला. वरची गाठ इतकी घट्ट की नखाने सुटत नव्हती. त्याखाली दोऱ्याचा पट्टा गुंडाळून मान बनवलेली आणि मग एकसारखे कापलेले धागे. बैलाच्या मानेवर दिवसभर हिसके खाऊन, चिखलपाण्यात भिजून जो टिकतो तो गोंडा पडद्याला बांधला तर वर्षानुवर्षं टिकणारच. विकणाऱ्या दादांना विचारलं, “एकाच रंगाचे, असे पाच-पंचवीस बनवून द्याल का?” ते म्हणाले, “रंग सांगा ताई, पण आधी सांगा. यात्रेत आम्ही विकतो, बनवायचं काम घरी पावसात चालतं.” बनवण्याचा आणि विकण्याचा हंगाम वेगवेगळा असतो, ही या बाजारातून मिळालेली पहिली कामाची माहिती.

घोंगड्यांच्या रांगेत मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. काळ्या, करड्या, पांढऱ्या आणि तपकिरी अशा नैसर्गिक रंगांच्या थप्प्या लागलेल्या होत्या. नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातून आलेले एक वयस्कर विणकर खाली बसून गिऱ्हाईक करत होते. मी घोंगडीवरून हात फिरवत होते. ते म्हणाले, “ताई, हातानं काय कळंल? थांबा.” त्यांनी काठाचा एक सुटा धागा तोडला, काडी ओढली आणि धागा पेटवला. ज्योत थोडी चालली आणि आपोआप विझली. केस जळल्यासारखा वास आला. उरलेली राख त्यांनी दोन बोटांत चोळली तर तिची पूड झाली. मग शेजारच्या थप्पीतल्या चकचकीत ब्लँकेटचा एक धागा घेतला. तो पेटताच वितळला, थेंब झाला आणि थंड झाल्यावर टोकाशी कडक काळा मणी उरला. “ही लोकर न्हाय. दिसाया चांगलं, पण चुलीजवळ नेऊ नका,” एवढंच ते बोलले. त्यानंतर ओंजळभर पाणी घोंगडीवर शिंपडलं. थेंब वरच राहिले, झटकताच निघून गेले. पावसात शेतावर जाणारा माणूस डोक्यावर घोंगडीची खोळ का घेत असे, ते त्या ओंजळभर पाण्याने दाखवलं.

ही लोकर दख्खनी मेंढीची. जाड, राठ, केसाळ. कपड्याच्या गिरण्यांना ती नको असते, पण जमिनीवर अंथरायच्या, पांघरायच्या वस्तूंना तीच लागते. वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात. लोकर पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, उभ्या ताण्याला चिंचोक्यांची खळ लावून तो उन्हात वाळवायचा आणि मग खड्ड्याच्या मागावर विणायचं. खळीमुळे धाग्याला बळ येतं आणि विणताना तो तुटत नाही. ऊन नसेल तर खळ वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात माग मंदावतात. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची ती जावळाची घोंगडी. ती मऊ असते, कमी निघते आणि साहजिकच महाग पडते. लांबी हातावर मोजतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे साधारण दीड फूट. हे माप समजलं की खोलीच्या नकाशावर घोंगडी बसवणं अगदी सोपं होतं.

आमच्या कामाच्या दृष्टीने पाहिलं तर या घोंगडीत चार गुण एकत्र आहेत. लोकर आवाज शोषते, त्यामुळे उंच कौलारू छताच्या घुमणाऱ्या खोलीत ती भिंतीवर टांगली तर बोलणं स्पष्ट ऐकू येतं. ती सहज पेट घेत नाही. हवेतली ओल घेते आणि उन्हात परत सोडते, म्हणून लवकर बुरशी धरत नाही. आणि रंग मेंढीचाच असल्याने उडत नाही. एकच शत्रू, कसर. त्यावरचा उपाय विणकराने सांगितला तो आपल्या आज्यांचाच: घडी घालताना कडुलिंबाचा पाला, आणि वर्षातून दोन-तीनदा कडक ऊन.

घोंगडी विकायला घाटावरचे लोक म्हशालाच का येतात, याचं उत्तर भूगोलात आणि शेतीच्या पंचांगात आहे. मुरबाड तालुका सह्याद्रीच्या अगदी पायाशी आहे. माळशेजच्या घाटातून आज कल्याण-नगर महामार्ग जातो. त्याच्या जवळच नाणेघाट आहे. जुन्नर आणि कल्याण बंदर यांना जोडणारी ही वाट सातवाहनांच्या काळापासून व्यापाराची आहे. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकात गोळा होत असे असं परंपरा सांगते. म्हणजे देशावरचा माल खाली उतरण्याचा आणि कोकणचा माल वर चढण्याचा रस्ता याच परिसरातून जातो. आजही दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन कोकणपट्टीत उतरतात. भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, मेंढ्यांना चारा मिळतो. पौष येईपर्यंत भाताची झोडणी झालेली असते, चार पैसे हातात आलेले असतात, थंडी ऐन भरात असते आणि पुढच्या हंगामासाठी बैल बदलायचे असतात. घ्यायची गरज, घ्यायची ऐपत आणि विकणाऱ्याचं येणं या तिन्ही गोष्टी ज्या पौर्णिमेला एकत्र येतात त्याच पौर्णिमेला ही यात्रा भरते.

घोंगड्यांच्या शेजारी आता मशीनवरच्या मऊ ब्लँकेटांचे ढीग मोठे होत चालले आहेत. हा माल मुख्यतः हरियाणातल्या पानिपतहून येतो. जुन्या कपड्यांचे धागे पुन्हा कातून ब्लँकेट बनवणाऱ्या उद्योगाचं ते मोठं केंद्र आहे आणि कृत्रिम धाग्याची ब्लँकेटंही तिथे मोठ्या प्रमाणावर निघतात. स्वस्त आणि उबदार ब्लँकेट गरिबाच्या घरात जातं, त्याबद्दल तक्रार असण्याचं कारण नाही. सोलापुरी चादरही होती. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी तिच्या नावावर भलताच माल विकला जातो, म्हणून घेताना काठ, वजन आणि उत्पादकाचं लेबल पाहूनच घ्यावी. काळजी आहे ती घोंगडीच्या मुळाशी. मांसाला भाव जास्त मिळतो म्हणून मेंढपाळ दख्खनी कळपात माडग्याळी जातीचे नर सोडतात. त्या संकरातून शरीर मोठं होतं, पण लोकर घटते. कातरलेल्या लोकरीला गिऱ्हाईक नसलं की ती रानात टाकून दिली जाते. विणकराच्या मुलांनी मागावर बसावं असं उत्पन्न त्यात उरत नाही. ही साखळी मागणीपासून तुटली आहे, आणि मागणी निर्माण करणं हे तर आमचंच काम आहे.

बांबूच्या वस्तूंची दुकानं बाजाराच्या कडेला, झाडांच्या सावलीत होती. बुरूड मंडळी होती, आसपासच्या पाड्यांवरच्या ठाकर आणि कातकरी बायाही होत्या. सुपं, रोवळ्या, पाट्या, करंड्या, कोंबड्या झाकायचे डाले, शिंदीच्या पानांच्या चटया आणि केरसुण्या. एका मावशीपाशी बसले. त्या सुपाचा काठ बांधत होत्या. बांबूच्या बाहेरच्या हिरव्या सालीच्या कामट्या वेगळ्या, आतल्या पांढऱ्या गराच्या वेगळ्या. साल चिवट, म्हणून ती काठाला आणि तळाला. गराची कामटी ठिसूळ, म्हणून ती मधल्या भरणीला. कामटी सोलताना त्या कोयत्याची धार अंगठ्याच्या दाबाने अशी फिरवत होत्या की प्रत्येक कामटी सारख्या जाडीची निघत होती. मी मोजपट्टी लावून पाहिली. डोळ्याला कुठेच फरक दिसला नाही, पट्टीलाही दिसला नाही.

त्यांच्याकडून बांबू कधी तोडायचा तेही समजून घेतलं. कोवळा तोडायचा नाही, तीन वर्षांचा तरी हवा. पावसात तोडायचा नाही, पाऊस सरल्यावर, थंडीत आणि अंधाऱ्या पक्षात तोडायचा. बांबूत साखर आणि पिष्ट जास्त असेल तेव्हा त्याला भुंगा लागतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढत असतात, म्हणून तो काळ टाळायचा, हे विज्ञानही सांगतं. चुलीच्या वर टांगलेली टोपली वर्षानुवर्षं टिकते ती धुरामुळे. आजच्या घरात चूल नाही, म्हणून बोरिक अॅसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात बांबू मुरवून घ्यावा लागतो. खर्च फार नाही, पण तो अंदाजपत्रकात आधीच धरायला हवा. कायद्याची एक अडचणही आता दूर झाली आहे. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे आपल्या बांधावरचा बांबू तोडून विकणं शेतकऱ्याला सोपं झालं. शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनींवर याचा मोठा उपयोग आहे.

त्या मावशींना मी दिव्याच्या झाकणासाठी टोपली करून मागितली. तळ मोकळा, वीण विरळ, उंची वीतभर. त्यांनी एकदाच विचारलं, “यात ठेवायचं काय?” मी म्हटलं, “काही नाही, दिवा टांगायचा, उजेड गाळून यायला हवा.” त्यांनी समोरची एक रोवळी उचलून सूर्याकडे धरली आणि जमिनीवर पडलेली नक्षी दाखवली. “अशी?” तांदूळ धुवायची रोवळी पाणी गाळते, तीच वीण उजेडही गाळते. माझ्या वहीतल्या रेखाटनापेक्षा ती नक्षी सरस होती. मी त्याच विणीची मागणी नोंदवली आणि अर्धे पैसे आगाऊ दिले.

मुंबईत गोरेगावच्या नेस्को केंद्रातही घरसामानाची मोठी प्रदर्शनं भरतात. २०१२ पासून भरणारं एचजीएच इंडिया हे त्यातलं खास घरगुती कापड, सजावट आणि गृहोपयोगी वस्तूंच्या व्यापाऱ्यांसाठीचं. अशा प्रदर्शनांचा उपयोग आहेच. एका छताखाली शेकडो उत्पादक भेटतात, कापडाचं दर चौरस मीटर वजन लिहिलेलं मिळतं, आग आणि घर्षणाच्या चाचण्यांचे दाखले मिळतात, ठरलेल्या तारखेला माल पोहोचतो. हॉटेल किंवा शंभर खोल्यांचं काम असेल तर तिथेच जावं लागतं. पण तिथे मागणीची किमान संख्या ठरलेली असते आणि समोर बसलेला माणूस विक्री विभागाचा असतो. म्हशाला एक नगही घेता येतो, आणि बनवणारी व्यक्ती समोर असते. ही टोपली कशाने मोडेल, ही घोंगडी कशाने विरेल, हे तीच सांगू शकते. ज्याला सामानाची परीक्षा शिकायची आहे त्याने आधी म्हशाला यावं आणि मग गोरेगावला जावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. धागा जाळून पाहायला शिकलेल्या माणसाला पुढे कोणत्याही दुकानात फसवणं कठीण आहे.

हातच्या मालाला शिस्त मात्र आपल्यालाही लावून घ्यावी लागते. दोन घोंगड्यांचा करडा रंग सारखा येत नाही, हे घरमालकाला आधीच सांगायला हवं. माप लेखी नको, काठीवर खूण करून द्यावं. उन्हाळ्यात घर पूर्ण करायचं असेल तर बांबूची मागणी थंडीत आणि लोकरीची दिवाळीच्या कातरणीआधी नोंदवावी. घासाघीस यात्रेचा भाग आहे, ती करावी, पण मापाने करून घेतलेल्या वस्तूवर करू नये. तिथे मजुरीचा दर विचारावा आणि पूर्ण द्यावा. आणि वस्तू कोणी बनवली त्याचं नाव घरमालकाला कळवावं, म्हणजे दुरुस्तीला तो थेट त्या हाताकडे जाईल.

म्हशाला जाणं अवघड नाही. मध्य रेल्वेने कल्याणला उतरून एसटीने मुरबाड गाठावं आणि तिथून पुढची गाडी धरावी. कर्जतकडून येणारा रस्ताही म्हशावरूनच मुरबाडला जातो. आसनगाव-शहापूरकडच्यांना मुरबाडचा रस्ता सरळ आहे. यात्रा पौर्णिमेला सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते. पहिल्या एक-दोन दिवसांत दर्शनाची गर्दी फार असते, म्हणून बोलत बोलत माल पाहायचा असेल तर त्यानंतरचा आडवार निवडावा आणि सकाळी लवकर पोहोचावं. सुटे पैसे, मोजपट्टी आणि खोल्यांची मापं सोबत असू द्यावीत.

२०२७ साली पौष पौर्णिमा २२ जानेवारीला आहे. शहापूर, मुरबाड, बदलापूर, कर्जत या पट्ट्यात जे घर बांधत आहेत आणि जे आमच्यासारखे ती घरं सजवत आहेत, त्या सगळ्यांना माझी विनंती आहे: एका खोलीपुरतं का होईना, सामान या यात्रेतून घ्या आणि पुढच्या वर्षीची मागणी तिथेच नोंदवून या. माग आणि कोयता चालू राहायला कौतुकापेक्षा आगाऊ दिलेली मागणी जास्त उपयोगी पडते.